कॅथलिक धर्मपीठ आणि इस्लाम : संवादाची वाटचाल

दुसऱ्याच्या धर्माविषयी आदराने बोलावे, हे म्हणणे सोपे आहे. पण तो धर्म खरा आहे असे म्हणायचे काय? रोमच्या कॅथलिक धर्मपीठापुढे इस्लामच्या संदर्भात हा प्रश्न गेली साठ वर्षे उभा आहे. विद्यार्थी मित्रांना त्याची ओळख व्हावी म्हणून हे टिपण.

क्रुसेडच्या काळापासूनचे वैर मागे टाकण्याचे पाऊल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उचलले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात मुसलमानांविषयी छोटासा भाग आहे. ते एका ईश्वराची उपासना करतात, येशूला पैगंबर मानतात, मरियमेचा आदर करतात, प्रार्थना, दानधर्म व उपवास पाळतात, असे गौरवाने सांगून भूतकाळ विसरण्याचे आवाहन केले आहे. (बौद्ध धम्माचाही उल्लेख याच घोषणापत्रात आहे.) मात्र मुहंमद पैगंबर व कुराण यांचे नाव त्यात कोठेही नाही. मुसलमानांचा आदर झाला, त्यांच्या धर्माच्या मुळाविषयी मौन राहिले. पुढील बराचसा वाद या मौनात दडलेला होता, असे आम्हांस वाटते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८६ साली असिसी येथे सर्व धर्मांच्या प्रतिनिधींना प्रार्थनेसाठी बोलाविले, तेव्हा आर्चबिशप लफेव्र यांनी कडाडून विरोध केला. सर्व धर्म एका रांगेत बसविले तर धर्मप्रचार कशासाठी, हा त्यांचा सवाल. तरीही २००१ साली दमास्कसच्या उमय्यद मशिदीत जाऊन मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप ठरले.

सप्टेंबर २००६ मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी रेगेन्सबुर्ग येथील व्याख्यानात एका बायझंटाइन सम्राटाचे पैगंबरांविषयीचे कठोर उद्गार उद्धृत केले आणि जगभर निषेध झाला. ते माझे मत नव्हे, असा खुलासा त्यांना करावा लागला. शब्द किती खोल जखम करतात हे बौद्धांना वेगळे सांगायला नको. दुसऱ्या जॉन पॉल यांच्या पुस्तकातील बौद्धमताविषयीच्या विधानांमुळे जानेवारी १९९५ मध्ये कोलंबोच्या सभेवर ज्येष्ठ भिक्खूंनी बहिष्कार घातला होता.

मुस्लिम विद्वानांचे उत्तर मात्र विचार करण्याजोगे होते. १३ ऑक्टोबर २००७ रोजी १३८ जणांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुले पत्र लिहिले. ईश्वरावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम ही दोन्ही धर्मांची समान भूमी आहे, असे त्यांनी कुराण व बायबल यांच्या आधारे मांडले. आम्हांस या साऱ्या इतिहासात हे पत्र सर्वांत मोलाचे वाटते.

४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस व अल-अजहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. धर्मांची विविधता ही ईश्वराचीच इच्छा आहे, या त्यातील विधानावर कॅथलिकांतच पुन्हा वाद पेटला. ईश्वराने ती होऊ दिली, एवढाच अर्थ घ्यावा, असे फ्रान्सिस यांनी आक्षेप घेणाऱ्या बिशपला सांगितल्याचे प्रसिद्ध झाले. मार्च २०२१ मध्ये ते इराकमधील नजफ येथे शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांना भेटले. त्या भेटीत संयुक्त दस्तऐवज कोणताच नव्हता.