समुपदेशन करणाऱ्या वैद्यासाठी पर्यवेक्षण

आयुर्वेदाने चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार मानले आहेत. औषधयोजनेचे शिक्षण आपण रीतसर घेतो. सत्त्वावजय मात्र बहुतेकांनी अनुभवातूनच आत्मसात केलेला असतो. तो योग्य रीतीने होतो आहे किंवा नाही, हे तपासण्याची सोय आपल्या व्यवसायात क्वचितच आढळते. समुपदेशन क्षेत्रात या सोयीस पर्यवेक्षण म्हणतात. समुपदेशकाने आपले काम ठरावीक काळाने अनुभवी मार्गदर्शकासमोर किंवा सहव्यावसायिकांसमोर मांडावे व त्यातून शिकावे, अशी ही पद्धत आहे.

सास्तूर परिसराचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने सास्तूर, किल्लारी व परिसरातील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते. या आपत्तीच्या मानसिक परिणामांचा अभ्यास पुढे डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली झाला.

अशा आघातानंतर रुग्ण शोकाची तक्रार घेऊन येईलच असे नाही. तो निद्रानाश, छातीतील धडधड वा अग्निमांद्य सांगतो. वैद्यही त्याच गावचा असेल, तर त्याच्याही घरातील कोणी गेलेले असू शकते. रुग्णाचे ऐकताना स्वतःचे दुःख जागे झाले की वैद्य नकळत विषय बदलतो, घाईने धीर देतो किंवा औषधाची मात्रा वाढवतो. हे त्याचे त्याला एकट्याने कळणे कठीण असते. येथे दुसऱ्याची दृष्टी आवश्यक ठरते.

संभाषेची परंपरा

चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. पर्यवेक्षण हे पहिल्या, म्हणजे स्नेहपूर्वक केलेल्या संभाषेच्या जातीचे आहे. ती झडती नव्हे. लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी १९५०च्या दशकात सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांचे असेच गट चालविले. तेथे रोगापेक्षा डॉक्टर व रुग्ण यांच्यातील नात्याची चर्चा होत असे.

गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. तेथे मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी एकमेकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून गुण दिले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळले. तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ नाहीत, म्हणून पर्यवेक्षण अशक्य आहे, असे म्हणण्यास त्यामुळे आधार उरत नाही.

काय मांडावे?

रुग्णाचा वृत्तान्त सांगून औषध विचारणे म्हणजे पर्यवेक्षण नव्हे. रुग्ण काय बोलला, त्यावर आपण काय बोललो, त्या वेळी आपल्या मनात काय आले आणि आपण कोठे अडलो, या चार गोष्टी मांडाव्यात. यशस्वी प्रकरण सांगण्याचा मोह होतो. परंतु जे सांगण्यास संकोच वाटतो, त्यातूनच अधिक शिकावयास मिळते.

चार-पाच वैद्यांनी महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी एकत्र यावे. रुग्णाची संमती घ्यावी आणि नाव-गाव सांगू नये. लहान गावात व्यवसाय किंवा नाते सांगितले तरी ओळख पटते, हे ध्यानात ठेवावे. झोपेचे औषध वारंवार मागणारा ग्राहक प्रथम भेटतो तो औषध दुकानदारालाच; त्यांनाही या बैठकीत स्थान असावे.

मर्यादा

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसरोग विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. इतरांनी आपल्या अधिकाराची सीमा ओळखावी. रुग्णाने आत्महत्येचा विचार बोलून दाखविल्यास बैठकीची वाट पाहू नये. त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दवाखान्यात व दुकानात दर्शनी लावावा. अशा प्रसंगी आपण काय केले, याचा विचार मात्र पुढील बैठकीत अवश्य व्हावा.