अंसप्रदेश : रचना, कार्य व अवबाहुकाचे निदान

लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहता येत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण बोरीवलीसारख्या उपनगरातील वैद्यांना नवीन नाहीत. तथापि खांदा दुखतो म्हणजे अवबाहुक, आणि अवबाहुक म्हणजे तेल व मर्दन, हे समीकरण शास्त्रसंमत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही अंसप्रदेशाच्या रचनेचा निदानाच्या दृष्टीने विचार करीत आहोत.

अक्षक व अंसफलक या अंसप्रदेशाच्या दोन मुख्य अस्थी होत. त्यांपैकी केवळ अक्षक उरोस्थीशी संधीने जोडलेले असते. बाहू व धड यांमधील अस्थिमय दुवा तेवढाच. अंसफलक बरगड्यांवर मांसपेशींच्या आधारानेच राहते. सुश्रुताचार्यांनी कक्षेतील संधी उलूखल प्रकारात गणला आहे. परंतु हे उखळ फार उथळ आहे. बाहुशीर्षाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग त्यात एका वेळी सामावत नाही. साहजिकच येथील स्थैर्य बंधनांवर आणि रोटेटर कफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार मांसपेशींच्या कंडरांवर अवलंबून असते.

हात बाजूने पूर्ण वर नेताना सुमारे १८० अंशांपैकी १२० अंश गती बाहुसंधीत व ६० अंश अंसफलकाच्या फिरण्यातून घडते. बाहुसंधी जखडल्यास रुग्ण खांदा उचलून ही उणीव झाकतो. यास्तव एका हाताने अंसफलक स्थिर धरूनच परीक्षण करावे.

अंसदेशी स्थित वायू अंसबंधनाचे शोषण व सिरांचे आकुंचन करून अवबाहुक उत्पन्न करतो, अशी सुश्रुतोक्त संप्राप्ती आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये वैद्याने प्रयत्न करूनही हात पुरता फिरत नाही; त्यातही बाहेरच्या बाजूस फिरविण्याची गती विशेषेकरून कमी होते. संधिगत विकार वगळण्यासाठी एक्स-रे उपयुक्त ठरतो. याउलट कंडरा फाटली असता वैद्याला हात उचलता येतो, पण रुग्णाला तो तोलून धरता येत नाही. मानेतून येणाऱ्या वेदनेत मान हलविताच कळ हातात उतरते.

अंस व अंसफलक ही दोन्ही मर्मे वैकल्यकर आहेत. पहिल्याच्या आघाताने स्तब्धबाहुता, तर दुसऱ्याच्या आघाताने बाहूंचा स्वाप व शोष सांगितला आहे. म्हणून जोराने ओढणे, दाबणे सर्वथा वर्ज्य समजावे. वाग्भटोक्त नस्य व भोजनोत्तर स्नेहपान यांचा विचार निदान निश्चित झाल्यावरच करावा.

फ्रोझन शोल्डर मधुमेही रुग्णांत अधिक आढळतो. तेव्हा रक्तशर्करा तपासणे अगत्याचे. औषधविक्रेत्या बंधूंसही आमची विनंती आहे. तेलाची बाटली देण्यापूर्वी आघात झाला होता काय, मधुमेह आहे काय, आणि वेदनेसोबत छातीत दडपण, घाम वा धाप आहे काय, एवढे तरी विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आल्यास ती वेदना हृदयाची असू शकते. अशा वेळी तेल न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.