ज्यांच्या घरी दफ्तर नाही त्यांच्यासाठी जुनी वर्तमानपत्रे

देशमुख-पाटलांच्या घराण्याचा इतिहास लिहिणे तितकेसे अवघड नाही. वतनाचे कागद असतात, वाटणीचे दावे असतात. त्यांतून पाच-सहा पिढ्यांची वंशावळ उभी राहते. परंतु ज्याचा पणजा जिनात रोजाने राबला, किंवा दुष्काळात गाव सोडून अकोल्यास आला, त्याने आपले मूळ कोठे शोधावे? आजीच्या तोंडी चार आठवणी असतात, आणि आजी गेली की त्याही जातात.

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांचे वास्तव्य दाखवावे लागते : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे. कागद नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडतो, लागलेली नोकरी टांगणीस राहते. कागद पुष्कळदा असतो. पण कोणत्या गावच्या, कोणत्या सालच्या बस्त्यात, हे ठाऊक नसते. ते साल आणि ते गाव सापडण्याचे एक साधन म्हणजे जुनी वर्तमानपत्रे.

वऱ्हाडात छापखाना लवकर आला. एकोणिसाव्या शतकातच अकोल्यास ‘वऱ्हाड समाचार’ आणि उमरावतीस ‘प्रमोदसिंधु’ ही साप्ताहिके निघत होती. पुढे अकोल्यास ब्रिजलाल बियाणींचे ‘मातृभूमि’ निघाले. यवतमाळास १९१८ साली बापूजी अण्यांनी ‘लोकमत’ सुरू केले. या पत्रांतून गरिबाचे नाव अग्रलेखात सापडणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ते सापडते शेवटच्या पानावर : दिवाणी कोर्टाच्या समन्सात, लिलावाच्या नोटिशीत, जिनाच्या आगीच्या वृत्तात, नदीच्या पुरात वाहून गेलेल्यांत. १९३० साली दहीहंड्याचा मिठाचा सत्याग्रह झाला, पुसदकडे जंगल सत्याग्रह झाला. अशा प्रसंगी शिक्षा झालेल्यांची नावे पत्रांतून गावासह येत. म्हणून शोधणाऱ्याने मथळे सोडून बारीक टाइपाकडे वळावे.

पण सुरुवात पत्रापासून करू नये, घरापासून करावी. म्हातारी माणसे साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. ‘मानमोडीत आजा गेला’ म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. मारवाडी घरातला ‘छप्पनिया’ म्हणजे विक्रम संवत १९५६चा, इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ. समजा, ‘जिनाला आग लागली त्या वर्षी आम्ही बडनेऱ्याला आलो’ एवढेच ठाऊक आहे, आणि अंदाज पाच वर्षांचा आहे. साप्ताहिकाचे वर्षाला ५२ अंक, म्हणजे २६० अंक चाळणे आले. परंतु जिन चालतो कापसाच्या हंगामात, दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्याचे अंक बाजूस ठेवले की काम बरेच हलके होते.

आता नावांचे. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. पुरुषाचे नाव ‘गणू वल्द सखाराम’ असे, सधवेचे ‘जौजे’ लावून नवऱ्याच्या नावाने आणि विधवेचे ‘बेवा’ म्हणून येते. तेव्हा बापाचे नाव, जात आणि गाव या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज ‘हाच आमचा’ असे म्हणू नये. गावांचीही तीच गत. १९०५ पूर्वी वऱ्हाडचे सहा जिल्हे होते. त्या वर्षी एलिचपूर अमरावतीत आणि बाशीमचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला. मूर्तिजापूर तालुका अमरावतीतून अकोल्याकडे, तर खामगाव व जळगाव अकोल्यातून बुलढाण्याकडे गेले. वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ साली. एकाच घराच्या नोंदी तीन ठिकाणी विखुरलेल्या सापडतात त्या यामुळे. तारीख शक संवतात असेल तर ७८ मिळवावे. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९.

येवढे करून बातमी हाती आली, तरी तिचे कात्रण घेऊन कचेरीत धावू नये. वर्तमानपत्रातला मजकूर हा स्वतः पुरावा ठरत नाही. तो पुराव्याचा पत्ता आहे. साल व गाव कळले की तहसिलीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींची, नक्कल मागता येते. शाळेत दाखलखारीज रजिस्टर पाहता येते. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल यांत राबलेल्यांच्या नातवंडांनी घरातले हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, संघटनेची पावतीसुद्धा जपून ठेवावी.

अंक पाहावयाचे कोठे? पहिल्याने गावचे जुने सार्वजनिक वाचनालय, मग पत्राची कचेरी. १९५६ पासून कायद्याने वर्तमानपत्रांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागत; त्यांत कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय येते. इंग्रज सरकार देशी पत्रांतील मजकुराचे सारांश करवून घेई. त्यांचे खंड दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. परंतु सरकारला धास्ती राजकारणाची होती, जिनातल्या मजुराची नव्हे. म्हणून सारांशात आपला माणूस क्वचितच भेटेल. त्याच्यासाठी मूळ अंकच हवा.

आणि मूळ अंक संपत चालले आहेत. स्वस्त लगद्याचा कागद पिवळा पडून घडीवर तुटतो. उरलेले वाळवी खाते, त्याहून उरलेले रद्दीत जाते. पूर्वी प्रत काढून घेणे खर्चाचे होते. आज तरुणांच्या खिशातील मोबाइलवर पानाचे छायाचित्र क्षणात निघते. प्रत्येक वाचनालयाच्या सभासदांनी महिन्यातून एक रविवार देऊन एकेका वर्षाची फाइल उतरवावी, छायाचित्रावर पत्राचे नाव, तारीख व पान लिहावे, आणि नावांची वही करून टेबलावर ठेवावी. राजवाड्यांचे इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. ज्यांच्या खांद्यावरून रुईच्या गाठी मुंबईच्या गोदीत पोहोचल्या, त्यांची नावे वाचवण्याचे काम त्यांच्या नातवंडांनाच करावे लागेल.