आधी दरड, मग आजार

जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणींत लेसोथो, मोझांबिकसारख्या देशांतून आलेले हजारो पुरुष कंपनीच्या वसतिगृहांत राहत. बायकापोरं दूर गावी.

मानसशास्त्रज्ञ कॅथरीन कॅम्पबेल यांनी या कामगारांशी सविस्तर बोलून १९९७ साली आपले निष्कर्ष मांडले. एचआयव्ही कसा पसरतो, हे कामगारांना ठाऊक होतं. तरीही धास्ती बसत नव्हती. जमिनीखाली खोलवर दरड कोसळून आजच मरण येऊ शकतं. मग कित्येक वर्षांनी डोकं वर काढणाऱ्या आजाराला किती भ्यायचं? खाणीत उतरायला जी मर्दानगी बळ देई, तीच वर आल्यावर बेफिकीर करी. त्यात एकटेपणाची भर.

म्हणजे नुसती माहिती पुरत नाही.

भारतातही असे घर सोडून आलेले मजूर आहेत, आणि इथला एड्स नियंत्रण कार्यक्रम या स्थलांतरितांकडे विशेष लक्ष देतो. सरकारी केंद्रांत तपासणी मोफत आणि गोपनीय असते, २००४पासून औषधंही मोफत मिळतात, शिवाय १०९७ ही हेल्पलाइन आहे. पण रोजंदारीवरच्या माणसाला तपासणीसाठी खाडा परवडत नाही. त्यामुळे तपासणी संध्याकाळी, त्याच्या वस्तीजवळ आणि त्याच्या भाषेत व्हायला हवी.