वधारलेल्या येनची किंमत

चलन वधारले की राष्ट्राची प्रतिष्ठा वाढली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जपानचा अनुभव मात्र निराळा आहे. २२ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स व ब्रिटन यांच्या अर्थमंत्र्यांनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात डॉलर उतरविण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी डॉलरला सुमारे २४० येन पडत. १९८७ अखेर हा भाव १२० च्या आसपास आला. म्हणजे दहा हजार डॉलरला मोटार विकणाऱ्या कारखानदाराच्या हाती २४ लाखांऐवजी १२ लाख येन पडू लागले. आयात तेल व कच्चा माल स्वस्त झाला हे खरे. पण निर्यातीवर पोसलेले उद्योग हवालदिल झाले. त्यांना सावरण्यासाठी जपानच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी १९८७ मध्ये व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला. स्वस्त झालेला पैसा जमिनी व शेअर यांच्या सट्ट्यात शिरला. १९८९ अखेर ३८,९१५ वर गेलेला निक्केई निर्देशांक पुढे कोसळला आणि ती उंची पुन्हा गाठण्यास २०२४ साल उजाडावे लागले. चलनाचा भाव करार करून बदलता येतो. त्याच्या परिणामांना मात्र कोणताही करार बांधून ठेवू शकत नाही.