भातखाचरं बघायला जोडीने निघालात? बांधावर पाय ठेवण्याआधी एवढं वाचा

पावसाळा लागला की सातारा-सांगलीच्या पश्चिम भागात फिरायला येणारी जोडपी वाढतात. कुणी कासवरून बामणोलीला, कुणी पाटणहून कोयनानगरला, तर कुणी शिराळ्यातून चांदोलीकडे. उतारावरून पायऱ्यांसारखी खाली आलेली भातखाचरं दिसली की गाडी थांबते, फोटो निघतात. पण या पायऱ्या डोंगराने दिलेल्या नाहीत. त्या माणसांनी केल्यात आणि दरवर्षी त्यांची डागडुजी करावी लागते.

पायऱ्या कशासाठी?

डोंगरउतारावर माती थोडी आणि पाऊस दांडगा. उतार तसाच नांगरला तर माती ओढ्याला जाणार. म्हणून उतार आडवा फोडून सपाट तुकडा करतात आणि कडेला दगड-मातीचा बांध घालतात. हे झालं खाचर. ते भरलं की जादा पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात उतरतं. म्हणजे अख्खी उतरंड एकमेकींवर अवलंबून. वरचा बांध फुटला तर पाणी आणि गाळ खालच्या रोपांवर येतो, मग तोही बांध धोक्यात. खेकड्याचं एक बीळसुद्धा याला निमित्त होतं. त्यामुळे पावसात शेतकऱ्याची रोजची एक फेरी बांधावर असतेच.

चिखल का करतात?

चिखलणीने तळाची माती घट्ट बसते, पाणी लवकर मुरत नाही. साठलेल्या पाण्यात तणही कमी उगवतं. मग तरवा उपटून लावण होते. बऱ्याच घरी आता राबायला नवरा-बायको दोघंच. तो चिखलणीला, ती दिवसभर वाकून लावणीला. बाकी भिस्त शेजाऱ्यांच्या पैऱ्यावर.

शिराळ्यात धूळवाफ पेरणीची जुनी पद्धत आहे. मे महिन्याच्या अखेरीस कोरड्या मातीतच भात पेरतात. इथे सुरुवातीला पाणी साठलेलं नसतं, त्यामुळे तण जोर धरतं आणि कोळपणी-भांगलणीचं काम वाढतं. जुलैत तिथे सगळीकडे लावणच दिसेल असं धरून जाऊ नका.

पडीक पडलं की काय होतं?

गावची तरणी पोरं मुंबई-पुण्याला गेली. दोन-चार वर्षं खाचराकडे कुणी बघितलं नाही की बांध ढासळतो, आणि त्रास खाली कसणाऱ्यालाही होतो. फिलिपिन्समधल्या इफुगाव भागाने हे भोगलंय. तिथली डोंगरी खाचरं १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, पण लोक शेती सोडू लागले, देखभाल थांबली आणि २००१ मध्ये ती धोक्यातल्या वारशांच्या यादीत आली. त्यातून बाहेर पडायला २०१२ उजाडलं. नुसते बघे वाढून खाचर टिकत नाही, कसणारा टिकावा लागतो.

जाणार असाल तर

- लावण बघायची तर जुलै, हिरवी खाचरं ऑगस्ट-सप्टेंबरात, पिवळं पडलेलं भात ऑक्टोबरात.
- ओल्या बांधावर चढू नका. फोटो रस्त्यावरूनही चांगला येतो. आत जायचंच असेल तर मालकाला विचारा आणि तो दाखवेल त्याच वाटेने जा.
- लावण करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका.
- अरुंद रस्त्यात गाडी आडवी लावू नका. ट्रॅक्टर आणि बैलांना तीच वाट असते.
- अतिवृष्टीचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली, हे विसरू नका.
- परतताना जमलं तर थेट शेतकऱ्याकडून चार-पाच किलो तांदूळ घ्या. बांध घालणाऱ्याच्या हातात चार पैसे पडले, तरच पुढच्या वर्षी बघायला खाचर राहील.