एका कार्डाचे तीन हिशेब

नवीन पनवेल किंवा खांदा कॉलनीतल्या एखाद्या घरातून पोकेमॉनचे दुर्मीळ कार्ड विकले जाते, तेव्हा ते आधी मऊ पाकिटात जाते, मग कडक प्लास्टिकच्या आवरणात, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि नंतरच स्पीड पोस्टाने पुण्याला किंवा नाशिकला रवाना होते. कोपरा दुमडू नये म्हणून एवढी काळजी घेणाऱ्याने ते कार्ड कधी आणि केवढ्याला घेतले, हे मात्र बहुधा कुठेच लिहिलेले नसते. कार्डांच्या जागी शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांवरचे १९८४ सालचे टपाल तिकीट असो, जुनी नाणी असोत की घाटावरच्या मळवलीत चाललेल्या रविवर्मा छापखान्याची चित्रे असोत, गत तीच. छंदातून होणारी विक्री आता ऑनलाइन होते आणि ऑनलाइन विक्रीची नोंद आयकर खात्याकडे पोचते. नोंद पोचण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला: विक्री टिपण्याची यंत्रणा आपण उभी केली, पण छंद कुठे संपतो आणि धंदा कुठे सुरू होतो, याची साधी रेघ कायद्याने आखलेली नाही.

यंत्रणा अशी आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून ई-कॉमर्स कंपन्यांना विक्रेत्याच्या एकूण विक्रीवर १ टक्का टीडीएस कापणे बंधनकारक झाले. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ०.१ टक्क्यावर आला. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या कंपनीमार्फत होणारी वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल, तर कपात होत नाही. हजार रुपयांमागे एक रुपया कापून तिजोरी भरत नाही, त्यामुळे या कपातीचे खरे मोल माहितीत आहे, असेच मला वाटते. कापलेली रक्कम फॉर्म २६एएसमध्ये आणि २०२१ पासून सुरू झालेल्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसते. तिथे दिसणारा आकडा विक्रीचा असतो, नफ्याचा नसतो. दहा वर्षांत साडेपाच लाख घालून जमवलेला संग्रह कोणी सहा लाखांना विकला, तर नोंद सहा लाखांची होते. त्यामागे साडेपाच लाख खर्च झाले होते, हे विकणाऱ्याने दाखवायचे.

इथून खरी अडचण सुरू होते. वैयक्तिक वापराची जंगम वस्तू ‘भांडवली मालमत्ता’ धरली जात नाही. जुना सोफा विकला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने मात्र या सवलतीच्या बाहेर आहेत, आणि २००७ च्या वित्त कायद्याने चित्रे, रेखाटने, शिल्पे, पुरातत्त्वीय संग्रह आणि ‘कोणतीही कलाकृती’ हेही बाहेर काढले. मग हजारोंच्या संख्येने छापलेले रविवर्म्याचे चित्र कलाकृती की नुसता छापील कागद? पोकेमॉनच्या कार्डावरचे चित्र कुठे बसवायचे? १९६१ च्या आयकर कायद्याने ‘कलाकृती’ची व्याख्या केली नाही. १ एप्रिल २०२६ ही ज्याची अंमलबजावणीची तारीख, त्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ही संदिग्धता तशीच राहिली.

वैयक्तिक वापर म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा एक निकाल आहे आणि दिवाळीत तो आठवावा असा आहे. धोलपूरचे महाराज राणा हेमंतसिंह यांनी सोन्याची नाणी, चांदीची नाणी आणि चांदीच्या लगडी विकल्या होत्या. महालक्ष्मीच्या पूजेत त्या ठेवल्या जात, म्हणून त्या वैयक्तिक वस्तू आहेत, असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने तो मानला नाही: वस्तूचा माणसाशी निकटचा, नेहमीच्या वापराचा संबंध हवा. या कसोटीवर मुलाने खेळून कडा झिजवलेले कार्ड वैयक्तिक ठरू शकेल, आणि ग्रेडिंग, म्हणजे दर्जाची तपासणी, करून प्लास्टिकमध्ये कायमचे बंद केलेले तेच कार्ड बहुधा ठरणार नाही. म्हणजे ज्याने वस्तू जपली, त्याचीच बाजू लंगडी. तिसरी शक्यता धंद्याची. विकायच्या हेतूनेच घेतलेली वस्तू एकदाच विकली तरी तो व्यापाराच्या स्वरूपाचा व्यवहार ठरू शकतो, हे तत्त्व वेंकटस्वामी नायडू खटल्यापासून, म्हणजे १९५९ पासून, रुळलेले आहे.

आता पैशांत पाहू. दोन वर्षांहून जास्त काळ जवळ ठेवलेल्या कार्डांवर एक लाखाचा नफा झाला असे धरा. ती वैयक्तिक वस्तू मानली तर कर शून्य. भांडवली मालमत्ता मानली तर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून १३,००० रुपये. धंदा मानला तर उत्तर इतर उत्पन्नावर अवलंबून. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न चोवीस लाखांच्या वर असणाऱ्याला ३१,२०० रुपये. आणि ज्याचे बाकीचे उत्पन्न नऊ लाख आहे त्याला पुन्हा शून्य, कारण बारा लाखांपर्यंतची सूट मिळते. तीच सूट दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याला लागू नाही. म्हणजे मध्यमवर्गीय संग्राहकाने स्वतःला व्यापारी म्हणवले तर त्याचा कर वाचतो आणि प्रामाणिकपणे संग्राहक म्हणवले तर तेरा हजार जातात. हे कोणी ठरवून केलेले नसेल, पण विसंगत नक्कीच आहे.

एवढ्या छोट्या माणसाला कोण विचारणार, असे काही जण म्हणतील. एआयएसच्या आधी हे पटले असते. आता विवरणपत्र आणि एआयएस यांतली तफावत संगणकच काढतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सूट दिली की खरे व्यापारी छंदाच्या आड लपतील. पण धंदा ओळखायला लागणारी माहिती, म्हणजे किती विक्री, किती वेळा, ती याच नोंदींत आहे. शिवाय वाट आधी मळलेली आहे. ब्रिटनमध्ये ६,००० पौंडांपर्यंत विकलेल्या वैयक्तिक वस्तूवर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि संच फोडून एकाच गिऱ्हाइकाला विकला तर तो एकत्रच मोजतात. अमेरिकेने २०२१ मध्ये नोंदीची मर्यादा ६०० डॉलरवर आणायचे ठरवले, अंमल पुन्हा पुन्हा पुढे ढकलला आणि २०२५ मध्ये २०,००० डॉलर व २०० व्यवहारांची जुनी मर्यादा परत आणली. आपल्याकडेही शेअर बाजारातल्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखाची सूट आहेच. जी सवलत शेअर विकणाऱ्याला, ती तिकिटांचा अल्बम विकणाऱ्याला का नसावी? तेवढीच मर्यादा संग्राह्य वस्तूंना लावा, त्यापुढच्या नफ्यावर कर घ्या. तक्रारीला जागा उरणार नाही.

तोवर बोजा संग्राहकावर आहे. अदलाबदलही कायद्याने हस्तांतरणच, म्हणून कार्डाच्या बदल्यात कार्ड घेतले तरी त्या दिवसाची किंमत टिपून ठेवावी. आजोबांकडून आलेल्या नाण्याला आजोबांनी मोजलेली किंमत धरता येते, आणि १ एप्रिल २००१ च्या आधीची वस्तू असेल तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत. राज्याबाहेर नियमित विक्री करणाऱ्याने जीएसटीचेही सीएला विचारून घ्यावे. पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. यंदा संग्राहकांनीही एक घालावी: वस्तू, घेतल्याची तारीख, दिलेली किंमत, कोणाकडून, पावती नसेल तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट छापून त्याच पानाला चिकटवावा.